घर वाढवायचे आहे? आधी खाली पाहा

दर्यापुरात आमच्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही गच्चीवर उभे राहिले की चारही बाजूंना लोखंडी सळाखी दिसतात. घरावर स्लॅब पडलेला असतो आणि प्रत्येक कॉलमच्या जागी चार-चार सळाखी दोन-अडीच फूट वर सोडलेल्या असतात. काही घरांवर त्या दहा-बारा वर्षांपासून तशाच उभ्या आहेत. कुणी त्यांना कपडे वाळवायची दोरी बांधली आहे, कुणी टोकांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्या आहेत. त्या सळाखी म्हणजे घरातल्या धाकट्या मुलाचे लग्न. आज पैसा नाही, पण उद्या खोली वर चढवायची आहे, हे साऱ्या मोहल्ल्याला सांगणारी ती खूण असते.

मला या सळाखींबद्दल आदर आहे. आपल्यातले बहुसंख्य लोक घर एकदम बांधत नाहीत. ते जमत नाही, आणि अनेकांना बँकेचे व्याजही नको असते. कापसाचे चार पैसे आले की विटा, आखातातल्या भावाने पैसे पाठवले की स्लॅब, दुकान बरे चालले की फरशी. घर असे तुकड्या-तुकड्यांनी वाढते. यात कमीपणा काहीच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. घर वाढवताना आपण सगळे वर पाहतो. समोरच्या भिंतीला कोणती टाईल लावायची, गॅलरी किती काढायची, रंग कोणता द्यायचा यावर महिनाभर चर्चा होते. पण वाढवलेल्या खोलीचे दुखणे वरून येत नाही, ते खालून येते. पायाखालची माती, बांधकामात गेलेले पाणी, कपाटातला कागद आणि ज्याला कधी विचारलेच नाही त्या वारसाचा हिस्सा, या चार गोष्टी पाहिल्याशिवाय पहिली वीट ठेवू नये असे माझे मत आहे. हे मत मी पुस्तक वाचून बनवलेले नाही. आमच्या घरात चूक करून ते शिकलो आहे.

अब्बांनी घेतलेला आमचा प्लॉट 1200 चौरस फुटांचा. त्यावर तीन खोल्यांचे जुने घर आणि मागे अंगण. अब्बा गेल्यानंतर दोन वर्षांनी धाकट्या भावाचे लग्न ठरले आणि अंगणात 12 बाय 12ची एक खोली काढायचे ठरले. निकाहची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली. म्हणजे बांधकाम एप्रिल-मे महिन्यात. मिस्त्रीने दोरी लावली, अडीच फूट पाया खणला, नव्या भिंती जुन्या भिंतीत दात काढून अडकवल्या आणि स्लॅब टाकला. मंडपाची घाई होती म्हणून सेंटरिंगही लवकर काढले. लग्न झाले. जुलैत झड लागली. ऑगस्टमध्ये जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत भेग गेली. दिवाळीपर्यंत त्या भेगेत पाच रुपयांचे नाणे सहज जाऊ लागले.

शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे मिस्त्री पाहायला आले. त्यांनी भेगेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काया मातीले इमान नाई भाऊ. उन्हायात तोंड वासते अन् पावसायात फुगते. तुमी तिच्यावर भर उन्हायात पाया ठेवला."

हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितले असते, तर बरे झाले असते.

आपले दर्यापूर पूर्णेच्या खोऱ्यात आहे. इथली काळी माती खोल आहे आणि तिच्यात फुगणारी चिकणमाती भरपूर आहे. पाणी मिळाले की ती फुगते, पाणी उडाले की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच माती आपल्या घराखाली आहे आणि तिथेही ती तेच करते, फक्त आपल्याला दिसत नाही. आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. गाव पांढरीवर आणि शेत काळीत, असा त्यांचा नियम होता. पांढरी म्हणजे वस्तीची उंच, निचऱ्याची जागा. घरे मातीची, वर धाब्याचे छत. मातीची भिंत थोडी हलली तरी चालत असे, पावसाळ्याआधी लिंपून घेतली की झाले. आता गाव पांढरीवरून उतरून काळीत पसरले आहे आणि घर सिमेंटचे झाले आहे. सिमेंट लवत नाही, ते फुटते.

पुण्याकडचा एखादा पाहुणा सांगतो, "मुरूम लागेपर्यंत खणा, मग पाया भरा." सल्ला चांगला आहे, पण इथे उपयोगाचा नाही. पूर्णेच्या गाळात तुम्ही खणत राहाल आणि खाली मातीच लागत राहील. म्हणून इथे वेगळी युक्ती करावी लागते. जमीन ऋतूप्रमाणे जिथपर्यंत फुगते-आकसते त्याच्या खाली घराचा भार पोचवायचा. त्यासाठी रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने एक पद्धत विकसित केली. जमिनीत अरुंद, खोल भोक पाडायचे, त्याच्या तळाशी कांद्यासारखा फुगवटा खणायचा आणि त्यात सळाखींचा पिंजरा उतरवून काँक्रीट भरायचे. हा फुगवटा साधारणपणे खांबाच्या अडीचपट रुंद असतो, त्यामुळे माती फुगली तरी खांब वर उचलला जात नाही. खोल काळ्या मातीत असा खांब किमान साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांच्या आसपास खोल असावा, असे भारतीय मानक सांगते. आमचा पाया होता अडीच फूट.

प्रत्येकाला असे खांब परवडतील असे नाही. एका मजल्याच्या खोलीसाठी दुसरे मार्गही आहेत. पायाच्या चरातली काळी माती काढून टाकायची आणि मुरूम थराथराने, प्रत्येक थर सहा-आठ इंचांचा ठेवून, पाणी मारून ठोकून भरायचा. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी याच विषयावर काम केले. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर दिला तर खालच्या मातीचे फुगणे दबते, हे त्यांनी दाखवून दिले. तुमच्या प्लॉटवर यातले काय योग्य, हे ठरवणे इंजिनिअरचे काम आहे. पण त्याला हा प्रश्न विचारणे हे तुमचे काम आहे. "पाया किती फूट घेता?" एवढेच विचारून भागत नाही. "काळ्या मातीचे काय करणार आहात?" असे विचारा. समोरच्याला उत्तर सुचले नाही, तर दुसरा माणूस शोधा.

आमची दुसरी चूक म्हणजे नवी भिंत जुनीत अडकवली. मजबुतीसाठी दोन्ही एकजीव करतात, असे आम्हाला वाटले. पण जुने घर वीस-पंचवीस वर्षांत जेवढे बसायचे तेवढे बसलेले असते. नवी खोली आता बसायला लागणार असते. एक स्थिर आणि एक हलणारी अशा दोन वस्तू घट्ट बांधल्या तर सांध्यावर ओढाताण होणारच. म्हणून नव्या खोलीला तिचे स्वतःचे कॉलम, तिचा स्वतःचा पाया द्यावा. जुन्या आणि नव्याच्या मध्ये इंचभर फट ठेवावी आणि त्यात दबणारा पदार्थ भरून वरून पट्टी लावावी. भेग पडणारच असेल तर ती आपण ठरवलेल्या जागी पडावी. काही संसारांसारखेच आहे हे. थोडे अंतर ठेवले की घर टिकते.

आता जे वर चढवू पाहतात त्यांच्यासाठी थोडा हिशेब. 12 बाय 12च्या खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर 60 घनफूट काँक्रीट लागते. त्याचे वजन सव्वाचार टनांच्या आसपास भरते. नऊ इंची विटांच्या चार भिंती, दहा फूट उंच, यांचे वजन दारे-खिडक्या वजा करूनही पंधरा टनांच्या वर जाते. म्हणजे एक साधी खोली सुमारे वीस टनांची. आपल्या भाषेत दोनशे क्विंटल. जुन्या घराच्या डोक्यावर आपण दोनशे क्विंटल कापूस कायमचा ठेवतो आहोत, असे समजा. खालचे घर नुसत्या विटांच्या भिंतींचे आहे की त्याला कॉलम आहेत? पाया किती खोल आणि किती रुंद आहे? अंदाजाने बोलू नका. घराच्या एका कोपऱ्याजवळ छोटा खड्डा खणून पाया डोळ्यांनी पाहा, इंजिनिअरला दाखवा. एका दिवसाचे काम आहे.

आणि त्या सळाखी. दहा वर्षे ऊनपाऊस खाल्लेली सळाख गंजून आतून बारीक झालेली असते. तिला तारेच्या ब्रशने घासून नवा कॉलम जोडला तरी तिच्यात पूर्वीची ताकद उरलेली असेलच असे नाही. वर सोडायच्याच असतील तर सोडताना त्यांच्यावर सिमेंटचा लेप द्या किंवा कच्च्या काँक्रीटने झाका. प्लॅस्टिकच्या बाटलीने त्यांचे रक्षण होत नाही.

पाण्याबद्दल आपल्याला कुणी काही शिकवायला नको असे वाटते, कारण आपण खारपाणपट्ट्यातच जन्मलो. बोअरचे पाणी पिता येत नाही, डाळ शिजत नाही, हे आपल्या आयांना माहीत असते. पण बांधकामाला तेच पाणी आपण बिनधास्त वापरतो. काँक्रीटमध्ये लोखंड असते आणि खाऱ्या पाण्यातले क्लोराइड लोखंडाला आतून खाते. सळाख गंजली की फुगते, आणि फुगली की स्लॅबचे पोपडे खाली पडतात. सळाखी असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड एका लिटरला 500 मिलीग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत दिले की हे कळते. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा धरतो, रंग सोलून निघतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच मीठ असते. शहानूर धरणाचे नळाचे पाणी येईल तेव्हा टाकीत साठवा आणि स्लॅब, बीम, कॉलम यांना तेच वापरा. त्यासाठी काम चार दिवस लांबले तरी चालेल.

तराईलाही तेच पाणी हवे. उष्ण आणि कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस सतत ओले राहिले पाहिजे, आणि आज बाजारात जास्त मिळणाऱ्या मिश्र सिमेंटसाठी चौदा दिवस. आपण सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाइप फिरवतो, मधल्या दुपारी 44 अंशांच्या उन्हात स्लॅब भाजत असतो. मातीचे आळे करून त्यात पाणी साचवा, कॉलमला पोती गुंडाळा. सेंटरिंगचे टेकू छोट्या खोलीच्या स्लॅबखालीही किमान सात दिवस आणि बीमखाली किमान चौदा दिवस राहिले पाहिजेत. हा कमीत कमी काळ आहे, जास्त ठेवले तर नुकसान काही नाही. मंडपवाल्याला जागा हवी म्हणून टेकू काढू नका. आणि शक्य असेल तर काम दिवाळीनंतर सुरू करा. तेव्हा माती फार फुगलेलीही नसते आणि फार आकसलेलीही नसते, पाणी असते, ऊन बेताचे असते. निकाहची तारीख ठरवताना मौलानांना आणि हॉलवाल्याला विचारतो, तसे एकदा मिस्त्रीलाही विचारावे.

घर बांधून झाल्यावरही काळ्या मातीचे काम संपत नाही. तिला भिंतीजवळ कधी ओले आणि कधी कोरडे होऊ द्यायचे नाही, हा एकच मंत्र आहे. घराभोवती तीन-चार फुटांचा उताराचा ओटा करा. गच्चीचे पाणी पाइपने दूर न्या. आमच्या नव्या खोलीचे पन्हाळ नेमके सांध्याजवळ पडत होते आणि न्हाणीचे पाणीही तिथेच मुरत होते. चिकणमातीत शोषखड्डा नीट शोषत नाही, पाणी पायाशीच फिरत राहते. म्हणून तो भिंतीपासून जेवढा दूर नेता येईल तेवढा न्या. आणि भिंतीला चिकटून कडुनिंब लावू नका.

शेजाऱ्याचे एक सांगतो. आपल्या मोहल्ल्यात भिंतीला भिंत लागून असते. तुम्ही शेजाऱ्याच्या पायालगत लांबलचक चर एकदम खणला तर त्याच्या घराखालची माती सरकू शकते. अशा ठिकाणी थोडे थोडे, टप्प्याटप्प्याने खणून भरत जावे. त्याला आधी सांगावे, त्याच्या भिंतीच्या जुन्या भेगांचे फोटो दोघांनी मिळून काढावेत. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवायचे असेल तर त्याला अडवू नये, अशा अर्थाची हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. मग त्याच्या अंगणात आपल्या गच्चीचे पाणी सोडताना ती आठवायला काय हरकत आहे?

आता कागद. हा विषय आपल्याकडे शेवटी येतो, तो खरे तर सगळ्यात आधी यायला हवा. "आमच्याकडे टॅक्सची पावती आहे," असे लोक छातीठोकपणे सांगतात. नगरपरिषदेची कर पावती ही कर भरल्याची पावती असते. तिने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकाम अधिकृतही होत नाही. मालकीसाठी खरेदीखत आणि आखीव पत्रिका बघायची, आणि बांधकामासाठी परवानगी. ही परवानगी मिळणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. डिसेंबर 2020 पासून राज्यात जी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यात लहान प्लॉटसाठी सोपी वाट आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर लहान घर बांधताना परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा आणि मालकीचे कागद दाखल करून शुल्क भरले की ती पावतीच परवानगी म्हणून चालते. आमचा प्लॉट 111 चौरस मीटरचा. म्हणजे आम्ही या सवलतीत बसत होतो, पण आम्ही चौकशीच केली नाही. "इथे कोण विचारतो?" हे आमचे उत्तर होते.

ज्यांचे प्लॉट शेताचे गुंठे पाडून विकत घेतलेले आहेत, त्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यांच्यासाठी 2001चा गुंठेवारी कायदा आहे आणि 2021च्या सुधारणेने 31 डिसेंबर 2020पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ घेता येतो. आधी प्लॉट नियमित करून घ्या, मग त्यावर खोली वाढवा. उलट क्रमाने गेलात तर दोन्हीकडून अडकाल.

हे सगळे आज मुसलमान वाचकाला सांगताना मी एका भीतीबद्दल न बोलता पुढे जाऊ शकत नाही. गेल्या काही वर्षांत देशात अनेक ठिकाणी बुलडोझर चालले आणि त्यात आपल्या लोकांची घरे किती होती हे सर्वांनी पाहिले. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. खंडपीठ न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांचे. गवई पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव दारापूर, आपल्याच दर्यापूर तालुक्यातले. या निकालाने सांगितले की एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आहे किंवा तो दोषी ठरला आहे म्हणून त्याचे घर पाडता येत नाही. बांधकाम अनधिकृत असेल तरी आधी नोटीस द्यावी लागेल, तिला उत्तर द्यायला किमान पंधरा दिवस मिळतील, म्हणणे ऐकून घ्यावे लागेल, आणि पाडण्याचा आदेश निघाल्यावरही पंधरा दिवस थांबावे लागेल. हे नियम मोडणारा अधिकारी स्वतः जबाबदार राहील.

हा निकाल मोठा आहे. पण तो काय देत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. तो वेळ देतो, अनधिकृत खोली अधिकृत करत नाही. रस्ता, फूटपाथ, नदीपात्र यांवरच्या अतिक्रमणाला तर हे संरक्षणही नाही. आणि गल्लीत दोन फूट पुढे काढलेली पायरी, रस्त्यावर झुकलेली गॅलरी, चंद्रभागेच्या काठाला सरकवलेले कुंपण यांचा मोह आपल्याला होतो. अन्यायाविरुद्ध बोलायचे असेल तर आपला कागद बोलका असला पाहिजे. ज्याचा नकाशा मंजूर आहे, तो नोटिशीचे उत्तर पंधरा मिनिटांत देऊ शकतो. ज्याच्याकडे फक्त टॅक्सची पावती आहे, त्याला पंधरा दिवसही पुरत नाहीत.

शेवटी ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

भेग पडल्यावर आम्ही इंजिनिअर आणला, त्याने सगळ्या प्लॉटचा नकाशा काढला. तो अम्मीच्या पलंगावर पसरून आम्ही दोघे भाऊ बोलत होतो, पुढे-मागे वरचा मजला कसा चढवायचा वगैरे. मोठी आपा माहेरी आली होती. तिने नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "मेरा हिस्सा इसमें किधर है?"

तिचा स्वर भांडणाचा नव्हता. पण खोलीत कुणी काही बोलेना.

अब्बांच्या मागे अम्मी, आम्ही दोन भाऊ आणि दोन बहिणी. त्यांचे आई-वडील आधीच गेलेले. निकाहला शरीयत, तलाकला शरीयत म्हणून आपण जो हिशेब अभिमानाने सांगतो, तोच इथे मांडून पाहा. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे 1200पैकी 150 चौरस फूट. उरलेल्या 1050मध्ये भावाला दोन वाटे आणि बहिणीला एक. प्रत्येक भावाला 350 आणि प्रत्येक बहिणीला 175. आम्ही अंगणात बांधलेली खोली 144 चौरस फुटांची. ती पूर्ण खोली आपाच्या एकटीच्या हिश्श्यात बसते आणि वर जागा उरते. आणि ती खोली काढताना आम्ही तिला निकाहचे बोलावणे पाठवले होते, पण जमिनीबद्दल विचारले नव्हते.

बहिणीचा हिस्सा अर्धा का, यावर वाद घालणारे वाचक आहेत, घालावा. तो वाद महत्त्वाचा आहे. पण सूरह निसामध्ये जो अर्धा दिला आहे, तोही आपल्या घरांत दिला जात नाही, हे आधी कबूल करू. शंभरांतले पन्नास की शंभर यावर आपण चर्चा करतो, आणि प्रत्यक्षात बहिणीच्या हातात शून्य पडते. "तिचे लग्न करून दिले," "तिला दागिने दिले," "अम्मीला आम्ही सांभाळतो," ही कारणे मीही दिली आहेत. यातले कोणतेही कारण वारसा रद्द करत नाही. इतर समाजातल्या वाचकांनी यावर मान हलवून सुटू नये. 2005च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, आणि हक्कसोड पत्रावर सही घेण्यासाठी तिला साडी-चोळी देऊन बोलावण्याची रीत मात्र अजून गेलेली नाही. या बाबतीत आपण सगळे एकाच गावचे.

व्यवहार म्हणूनही हे समजून घ्या. वाटणी न झालेल्या जमिनीवर एकाने पैसे घालून खोली उभी केली, तर उद्या विकताना, कर्ज काढताना, परवानगी घेताना सगळ्या वारसांची सही लागते. तेव्हा भाचे मोठे झालेले असतात आणि आपाच्या जागी तिची चार मुले समोर बसलेली असतात. आज पलंगावर बसून जे मिटते, ते तेव्हा कोर्टातही लवकर मिटत नाही.

आम्ही काय केले ते सांगतो. आधी आखीव पत्रिकेवर पाचही वारसांची नावे लावली. प्लॉटची बाजारभावाने किंमत काढली. मोठ्या आपाने तिच्या हिश्श्याचे पैसे घ्यायचे ठरवले. आम्ही ते चार वर्षांच्या हप्त्यांत देतो आहोत, आणि शेवटचा हप्ता पोचल्यावरच नोंदणीकृत हक्कसोड पत्र होईल. आधी सही आणि मग पैसे, असे नाही. धाकटी म्हणाली, "माझे नाव राहू द्या." राहिले. नव्या भिंतीचा जुन्या भिंतीतला सांधा कापून मोकळा केला, मध्ये फट ठेवली, भोवती उताराचा ओटा केला, पन्हाळ आणि न्हाणीचे पाणी दूर नेले. पूर्ण घराचा नकाशा दाखल करून खोली नियमित करायचा अर्ज केला. मागचे दोन पावसाळे भेग वाढलेली नाही. खर्च झाला तो बाहेरच्या टाईलसाठी ठेवलेल्या पैशातून. आमचे घर अजून बाहेरून सिमेंटच्या रंगाचेच आहे.

म्हणून जे कुणी यंदा दिवाळीनंतर खोली काढायच्या विचारात आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे. बांधकाम हवे तेवढ्या तुकड्यांनी करा, नकाशा मात्र एकदाच आणि पूर्ण घराचा काढा. तो काढायच्या आधी जमिनीत खड्डा खणून माती पाहा, बोअरचे पाणी तपासा, आखीव पत्रिका काढा. आणि नकाशा तयार झाला की तो आधी बहिणींसमोर पसरा. त्यांचा हिस्सा कुठे आहे हे त्यांनी विचारायची वेळ येऊ देऊ नका. तुम्हीच बोट ठेवून दाखवा.